निकाहचा जोडा आणि कोनचा गाळा

ते प्रकरण आठवलं, की आजही मला माणसांच्या आधी वास आठवतो. मी मूळचा घाटावरचा, घर शुद्ध शाकाहारी. नोकरीची शेवटची वर्षं पनवेलला काढली, तरी सुक्या मासळीशी माझं कधी जमलं नाही. बाजारातल्या त्या गल्लीतून गस्त घालताना मी रुमाल नाकाशी धरायचो आणि माझे हवालदार एकमेकांकडे बघून हसायचे. त्याच मासळीने एकदा माझी लाज राखली, म्हणून हे लिहायला बसलो.

मे महिना संपत आला होता. लग्नसराई जोरात होती आणि घरं बदलण्याचाही तोच हंगाम. शाळा उघडायच्या आत माणसं नव्या घरात शिरायला बघतात. ठाण्यात दुपारी जरा उसंत मिळते. सकाळची हजेरी झाली, आरोपी कोर्टात रवाना झाले, की डबे उघडतात. मी डब्याला हात घालणार, तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराचा आवाज ऐकू आला.

"ताई, सामान उरणहून निघालं ना? मग गुन्हा उरणचा. तिकडे जा."

हे वाक्य मला नोकरीभर आवडलं नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस आधीच अर्धा खचलेला असतो. त्याला हद्दीचा भूगोल शिकवायचा नसतो. मी डबा बंद केला आणि कोण आलंय त्यांना आत पाठवा म्हणालो.

आल्या त्या सासू आणि सून. कोकणी मुसलमान कुटुंब. सून पस्तिशीची, बोलायला सरळ, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. लग्नाचे कपडे शिवणं हा तिचा व्यवसाय. नवरा आखातात नोकरीला. सासूचं सगळं आयुष्य उरणच्या मोऱ्याला, बंदरावर गेलेलं. हातात तसबीची जपमाळ आणि ओठांची सतत हालचाल. गिऱ्हाइकं पनवेलकडची वाढली, म्हणून सुनेने नवीन पनवेलला फ्लॅट घेतला आणि मोऱ्याचं घर हलवायचं ठरवलं. मोबाईलवर शोधून एक सामान हलवणारी कंपनी गाठली. जाहिरात झकपक, खाली लोकांच्या कौतुकाचा पाऊस, आणि दर बाकी सगळ्यांच्या निम्मा. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं तिला वाटलं.

टेम्पो आला, माणसं आली, सामान भरून निघालं आणि पनवेलला पोचलंच नाही. संध्याकाळी या दोघी रिकाम्या फ्लॅटमध्ये वाट बघत बसलेल्या असताना फोन आला. सामान ठरल्यापेक्षा जास्त निघालं, वरचे पैसे टाका, नाहीतर गोदामात पडून राहील. तिने पैसे टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागणी. ती भांडली, तेव्हापासून फोन बंद.

"फोन आला तेव्हा तुम्ही पनवेलला होतात ना?" मी विचारलं. "मग गुन्हा आमच्याही हद्दीत झाला. बसा." आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. टेम्पोचा नंबर? बघितला नाही. बिल्टी, म्हणजे माल नेल्याची पावती? नाही. सामानाची सही केलेली यादी? नाही. कंपनीच्या ऑफिसात कुणी जाऊन आलं होतं का? नाही.

"ताई, तुम्ही व्यवसाय करता. गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतल्याशिवाय कात्री चालवत नसाल. मग इथे एकही कागद का घेतला नाही?"

ती म्हणाली, "साहेब, ते लोक उन्हातून आले होते. मी त्यांच्यासाठी कोळंबीचा पुलाव केला. सगळे पोटभर जेवले. त्यांचा मुकादम तर म्हणाला, भाभी, हाताला चव आहे. आता आपल्या घरात जेवलेल्या माणसाकडे कागद कसा मागायचा? आमच्यात बरं दिसत नाही."

बेसावधपणाची शेकडो कारणं मी ऐकली होती आणि त्यातल्या निम्म्यांवर चिडलोही होतो. या कारणावर मला चिडता येईना. पाहुण्यासारखं वागवलं की माणूस पाहुण्यासारखाच वागेल, हा हिशेब कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पण आलेले होते खाल्ल्या घरचे वासे मोजणारे.

"मौल्यवान असं काय होतं सामानात?"

मला वाटलं दागिने सांगेल. ती म्हणाली, "एक जोडा."

"कसला जोडा?"

"निकाहचा. एका पोरीचा शरारा. तिची आई नाही, साहेब. वारलेल्या आईचा दुपट्टा तिने आणून दिला. त्याची जर सोडवून मी शराऱ्याला लावली आहे. येत्या रविवारी निकाह आहे. माझं सामान गेलं तर गेलं. नवरा कमावतो, मी कमावते, पुन्हा होईल. पण ते माझं नाही, ती अमानत आहे." आतापर्यंत तिचा आवाज स्थिर होता. इथे तो फाटला. "त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?"

अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. आमच्या कायद्यात विश्वासघाताचं कलम आहे, पण त्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकताना कलमामागचं दुःख पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. फसवणूक, विश्वासघात आणि खंडणी असा गुन्हा नोंद करून घेतला आणि रविवारच्या आत तो जोडा आणायचाच, असं मनाशी ठरवलं. असं ठरवू नये, असं आम्हीच नव्या अधिकाऱ्यांना शिकवतो.

ज्या खात्यात पैसे गेले, ते खातं कुणाच्या तरी नावावर होतं आणि वापरत होता भलताच. कळंबोलीच्या टेम्पो स्टँडवर माझा एक जुना खबऱ्या होता. त्याने फोनवर बुकिंग घेणाऱ्याच्या आवाजाचं वर्णन ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, हा बुकिंगवाला आहे. गोड बोलतो. रोज एका टपरीमागच्या केबिनमध्ये बसतो." आम्ही त्याला उचलून आणला. तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल.

आरडाओरडा करून चौकशी करणारा अधिकारी पडद्यावर शोभून दिसतो. मी चहा मागवला आणि त्याला त्याचा धंदा समजावून सांगायला लावलं. स्वतःच्या हुशारीबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही? तो खुलला. त्याच्याकडे ऑफिस नव्हतं, टेम्पो नव्हता, माणसं नव्हती. मोठ्या कंपनीसारखं दिसणारं एक पान इंटरनेटवर टाकायचं, खालची कौतुकं स्वतःच लिहायची, फोन आला की सगळ्यांपेक्षा कमी दर सांगायचा आणि काम एखाद्या मुकादमाला विकून टाकायचं. पुढे तो मुकादम आणि गिऱ्हाईक काय ते बघून घेतील.

"म्हणजे तुमची कंपनी म्हणजे हे दोन मोबाईल," मी म्हणालो.

तो हसला. "तसंच समजा, साहेब."

"मग सामान कुठे उतरवतात?"

"मला काय माहीत? कोन गावातल्या गोदामांशी माझा काही संबंध नाही."

मी कप खाली ठेवला. "कोनचं नाव कुणी काढलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. निरपराध माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मनात काही असलेला माणूस न विचारलेल्याचं आधी देऊन टाकतो. त्यानंतर तो फार वेळ टिकला नाही. मुकादम सामान कोन बाजूला एका गाळ्यात दडवतो, गिऱ्हाईक थकेपर्यंत पैसे उकळतो आणि थकलं की एकेक वस्तू विकून टाकतो, इतकं त्याने सांगितलं. गाळा मात्र त्याने कधी पाहिला नव्हता, आणि हे तो खरं बोलत होता.

कोन ओलांडून द्रुतगती मार्गाच्या बाजूला कधी गेला असाल, तर माझी अडचण कळेल. पत्र्याचे गाळे, रांगांमागे रांगा, सगळ्यांची शटरं सारखीच. ठोस माहितीशिवाय एकेक शटर उघडत सुटता येत नाही. आणि पोलीस फिरताहेत ही कुणकुण लागली असती, तर सामान दुसऱ्या जिल्ह्यात गेलं असतं. रविवार जवळ येत चालला होता.

सून रोज ठाण्यात यायची आणि सासूही सोबत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. मी पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो, सामानात ओळखता येईल असं आणखी काही होतं का? सून आठवून आठवून सांगायची. आणि दर वेळी हा प्रश्न निघाला, की म्हातारी खोकायची. एरवी तिला खोकला नव्हता. असला खोकला मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. मी सुनेला महिला शिपायाबरोबर संशयितांचे फोटो बघायला पाठवलं आणि सासूबाईंना आत बोलावून चहा दिला.

"आजी, तुम्ही काहीतरी सांगायचं ठेवलंय."

"नाय बा. मी काय ठेवनार?"

"बरं, नका सांगू. पण त्या बिनआईच्या पोरीचा निकाह रविवारी आहे."

तसबीचे मणी थांबले. तिने दाराकडे बघितलं. "सुनेला सांगनार नाय ना?"

"माझ्या तोंडून जाणार नाही."

ती पुढे वाकली आणि कुणाचा खून सांगावा इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आगोट हाय ना ओ साहेब. पावसात मासली मिलत नाय. करंज्याच्या बंदराशी बोंबील आनलेलं, जवला आनलेला. ते टेम्पोवाले बोललं, खायाची वस्तू न्यायाची नाय. सून तर कपड्यांच्या जवल मासलीचा वास पन येऊ देत नाय. मंग मी समदं वॉशिंग मशीनीत भरलं. वरशी चादर टाकली न् झाकन लावलं."

आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वी करून ठेवायची बेगमी. समुद्र बंद होण्याआधी घरात सुकी मासळी भरून ठेवली नाही, तर तिकडच्या जुन्या बायकांना घर उघडं पडल्यासारखं वाटतं. ती सोडून नव्या घरात पाऊल टाकणं या म्हातारीला शक्यच नव्हतं. आणि निकाहचे कपडे शिवणाऱ्या सुनेला ते सांगणंही शक्य नव्हतं. बोंबील नीट वाळलेही नव्हते, असं तिने मागाहून जोडलं.

मी माझ्या उरणकडच्या हवालदाराला बोलावून हे सांगितलं. त्याने मांडीवर थाप मारली. "साहेब, मंग तपास झालाच समजा. ह्या उन्हात पत्र्याच्या गाल्यात वले बोंबील? आपन कशाला शोधायचं? मांजरां शोधतील."

तो साध्या कपड्यांत कोनला गेला आणि टपरीटपरीवर चहा पीत बसला. एका टपरीवाल्याने आपण होऊनच तक्रार सुरू केली. "मागच्या लायनीत काय मेलंय कोन जाने. मांजरां त्या शटराम्होरनं हलत नायत. मी बोललो मालकाला, उंदीर मेलाय, गाला उघडून बघ." हवालदाराने चहाचे पैसे दिले आणि मला फोन केला.

दोन पंच बरोबर घेऊन आम्ही भर दुपारी पोचलो. शटरसमोर मांजरं रेशनच्या रांगेत बसावीत तशी बसली होती. माझं नाक मागे पळत होतं आणि पाय पुढे. मुकादम आतच होता. आम्हाला बघताच तो म्हणाला, "साहेब, सगळ्यांचं सामान जागेवर आहे," आणि 'सगळ्यांचं' या शब्दावर स्वतःच अडखळला.

आत खरोखरच अनेकांचे संसार होते. कुणाचा पाळणा, कुणाची हार्मोनियम, शाळेत मिळालेली बक्षिसं, पुठ्ठ्याच्या खोक्यावर लहान मुलाच्या अक्षरात लिहिलेलं 'माझी खेळणी'. माणसाचं घर असं अंधारात ढिगाने पडलेलं बघवत नाही.

ओळख पटवायला दोघींना बोलावलं. सून आली, तिने मुकादमाला ओळखलं. शिव्याशाप देईल असं वाटलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी पोट भरलं होतं ना?" त्या बाप्याला माझ्या एकाही प्रश्नाने घाम फुटला नव्हता. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मग पंचनामा. सापडलेली प्रत्येक वस्तू त्यात यावी लागते आणि लिहून झाल्यावर तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा लागतो. हवालदार वाचत होता: लोखंडी कपाट एक, शिलाई मशीन दोन, वॉशिंग मशीन एक, त्याच्या आत... इथे तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मी दिलेला शब्द माझ्या तोंडापुरता होता; सरकारी पंचनाम्यातून बोंबील वगळायचा अधिकार मला नव्हता. "...सुके बोंबील व जवळा, जुन्या चादरीखाली ठेवलेले," त्याने एका दमात संपवलं.

सून वळली. "अम्मा, वॉशिंग मशीनमध्ये?"

"मंग कुठं ठेवू?" म्हातारी उसळली. "तुज्या कपड्यांच्या पेटीत?"

सून पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसली आणि इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाय, तुजा जोडा त्या बोंबलानं आनला. आता बोल."

कपड्यांची पत्र्याची पेटी ढिगाच्या तळाशी होती. सुनेने हात पुसून कुलूप काढलं, मलमलीत गुंडाळलेला जोडा उचलला आणि आधी नाकाशी धरला. लवंगा आणि अत्तराचे फाये तिने आत ठेवले होते. तिने डोळे मिटले आणि मान हलवली, पण ती मान होकाराची होती की नकाराची, ते मला कळलं नाही.

जप्त केलेला मुद्देमाल लगेच हातात देता येत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. आम्ही फोटो काढले आणि दुसऱ्याच दिवशी सामान मालकाच्या ताब्यात देण्यासाठी अर्ज पुढे केला. न्यायाधीशांनी यादी वाचली, एका ओळीवर त्यांची नजर थबकली आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "नाशवंत मालाबाबत पोलिसांचं म्हणणं काय?" मी म्हणालो, "साहेब, तो तातडीने परत द्यावा, अशी संपूर्ण ठाण्याची विनंती आहे." हुकूम त्याच दिवशी मिळाला. गाळ्यातल्या इतर सामानाचे मालकही पुढे एकेक करून सापडले. आपली खेळणी न्यायला आलेला मुलगा मला अजून दिसतो. त्याने खोकं कुणाला उचलू दिलं नाही.

रविवारी निकाहला मी साध्या कपड्यांत गेलो. आमंत्रण होतंच, आणि खरं सांगायचं तर मला तो जोडा अंगावर बघायचा होता. नव्या कापडाच्या कडेला ती जुनी जर जरा गडद दिसत होती. नवरीची बोटं बोलता बोलता तिथेच जात होती. तेवढ्यात सासूबाईंनी मला बाजूला ओढलं.

"साहेब, खरं सांगा. वास येतोय काय?"

मी श्वास घेतला. अत्तर होतं, मोगरा होता. "अजिबात नाही, आजी," मी म्हणालो. शपथेवर साक्ष द्यायची असती, तर थोडा विचार करावा लागला असता.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणसं पोलिसांपासून गुन्हाच लपवतात असं नाही. लाज त्याहून जास्त लपवतात, आणि बऱ्याचदा तपासाचं टोक त्या लाजेतच अडकलेलं असतं. दुसरी गोष्ट घर हलवणाऱ्या प्रत्येकासाठी. कंपनीच्या ऑफिसची पायरी स्वतः चढून या. तिने अलीकडे कुणाचं घर हलवलं असेल, त्याला भेटा. निम्म्या दराला भुलू नका. सामानाची यादी, बिल्टी, टेम्पोचा नंबर आणि चालकाचा परवाना बघितल्याशिवाय गाडी दारातून हलू देऊ नका आणि सगळे पैसे आधी मोजू नका. हे सांगताना मी आणखी एक सांगायचो, की हलवायला आलेल्यांशी फार गोडीत येऊ नका. ते सांगणं मी पुढे सोडून दिलं.

निवृत्त झालो तेव्हा सरकारी क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या घरात गेलो. चौकशी करून, ऑफिस बघून कंपनी ठरवली होती. त्या सकाळी सामान भरून होत आलं आणि दारात रिक्षा थांबली. सून आणि सासू उतरल्या, बरोबर झाकलेलं मोठं पातेलं. सासूबाई सरळ आत गेल्या आणि बराच वेळ आमच्या वॉशिंग मशीनजवळ माझ्या बायकोशी काहीतरी कुजबुजत राहिल्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सून टेम्पोपाशी गेली. नंबर प्लेटचा फोटो काढला. चालकाचा परवाना मागून बघितला. मुकादमाकडून बिल्टी घेतली, यादीतली एकेक ओळ सामानाशी ताडून बघितली आणि सही करून घेतली. मुकादम कौतुकाने म्हणाला, "ताई, तुम्ही तर साहेबांपेक्षा कडक."

"झालं ना सगळं?" तिने विचारलं. कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग पातेल्याचं झाकण काढलं, कोळंबीच्या पुलावाची वाफ अंगणभर पसरली, आणि ती त्या घामाघूम माणसांना म्हणाली, "या भाऊ, आता बसा. पोटभर जेवा."